गॅबर्डिन बघायला मिळाला, पण फॉर्मने जीव खाल्ला

संग्रहालयाच्या गोदामात जुने कपडे बघायला जाणार असाल तर पेन्सिल न्या. पेन दारातच ठेवून घेतात. हे आधी सांगते, कारण पुढे फॉर्मबद्दल बोलायला लागले की राहून जाईल.

मला गॅबर्डिन बघायचा होता. आपल्याकडे गॅबर्डिन म्हणजे पँटचं कापड. ते थॉमस बर्बेरीने १८७९ मध्ये काढलं. मला हवा होता तो इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या शेतमजुरांचा जुना ढगळ झगा, कपड्यांवरून चढवायचा. पॅरिश आणि शॉ यांच्या १८८८ च्या केंटी बोलीच्या कोशात तो याच नावाने आहे, आणि तो झपाट्याने नाहीसा होतोय असंही तिथे लिहिलंय. इतरत्र त्याला स्मॉक-फ्रॉक म्हणायचे. लहान मुलींच्या फ्रॉकवर आपण स्मॉकिंग करतो, म्हणजे बारीक चुण्या धरून त्यांवर टाके घालतो, ते याच झग्यावरून आलं. मी केंटमध्ये राहते, शिवणकाम करते. त्या चुण्या आतून कशा धरतात ते मला प्रत्यक्ष बघायचं होतं.

संग्रहालयाचं नाव घेत नाही. त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘वस्तू क्रमांक’ ही चौकट सक्तीची. क्रमांक कॅटलॉगमध्ये शोधायचा, आणि कॅटलॉग अर्धामुर्धाच चढवलेला. गॅबर्डिन टाकलं की त्या कापडाचे रेनकोटच रेनकोट. म्हणून खुलाशाची ईमेल केली. उत्तरात त्याच रेनकोटांची यादी आली, वर ‘यातला कोणता हवा?’ मी कोशातल्या पानाचा फोटो पाठवला. पुस्तकाचं पान दिसल्यावर कुणीतरी माझा अर्ज ग्रंथालय विभागाकडे ढकलला! ग्रंथालयाने अगदी नम्रपणे कळवलं की हा कोश आमच्याकडे आहे, वाचायला या. तोवर मूळ अर्जाची मुदत संपून तो आपोआप रद्द झाला. पुन्हा फॉर्म, पुन्हा तीच चौकट. मराठी माणसाला सरकारी कचेऱ्यांची सवय असते म्हणतात, पण तिथे निदान खिडकीपलीकडे माणूस बसलेला असतो, त्याच्याशी भांडता तरी येतं.

शेवटी फोन केला आणि ‘वस्त्रसंग्रह बघणाऱ्या बाईंशीच बोलायचंय’ म्हणून हटून बसले. त्यांना ‘गॅबर्डिन’ हे नाव सांगितलंच नाही. शेतकऱ्याचा झगा, लिननचा, छातीवर बारीक चुण्या, एवढंच म्हटलं. ‘अहो, मग स्मॉक म्हणा ना!’ दोन मिनिटांत क्रमांक मिळाला. पुढे कळलं की झगा देणाऱ्या घराने सांगितलेलं ‘गॅबर्डिन’ हे नाव जुन्या कार्डावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. संगणकात भरताना ते कुणी घेतलंच नव्हतं.

झगा मात्र बघण्यासारखा. सगळे तुकडे चौरस नाहीतर आयत, त्यामुळे कापड वाया जात नाही. काखेत चौकोनी जोड, आपल्या जुन्या सदऱ्यांना असायचा तसाच. पुढची आणि मागची बाजू सारखी; पुढून मळला की फिरवून घालायचा. चुण्या इतक्या सरळ की दोरे मोजून धरल्या असाव्यात. कपडा उलटा करून दाखवा, हे मात्र आधीच लेखी कळवा. ऐनवेळी ‘नाजूक आहे’ म्हणून नकार मिळतो. मी कळवलं होतं म्हणून मला आतली बाजू दिसली. फोटो विनाफ्लॅश. मोजायला कापडी टेप, तीही त्यांच्याच हातात द्यायची.

आणि हो, जायच्या आधी जोसेफ राइटचा इंग्रजी बोलींचा कोश चाळा. १८९८ ते १९०५ मध्ये निघालेले सहा खंड आता इंटरनेटवर फुकट आहेत. कुठल्या परगण्यात काय म्हणत ते त्यात सापडतं. मिळतील ती सगळी नावं ईमेलमध्ये घाला. फॉर्मच भरावा लागला तर क्रमांकाच्या चौकटीत ‘माहीत नाही’ असं लिहा. शून्य टाकलं तर तो पुढे जात नाही, मी टाकून पाहिलंय.