कुलोलो, खेप नववी: घसा खाजला नाही

रविवारी संध्याकाळी साडेसातला पहिली वडी तोंडात टाकली आणि घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटं गप्प बसले. घशात काही नाही. जिभेच्या कडेला काही नाही. शेजारी बसलेल्या आत्याने न विचारता दुसरी वडी उचलली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. नवव्या खेपेला कुलोलो, म्हणजे हवाईची अळवाच्या गड्ड्याची नारळ घातलेली गोड वडी, आतपर्यंत शिजला, आणि तोही ओव्हनमध्ये नाही, निखाऱ्यांवर.

मागच्या नोंदींत मी हौपिया, म्हणजे हवाईचीच नारळाच्या दुधाची वडी, भाजायच्या मागे लागले होते. तो नाद सोडला. नारळाच्या दुधात कॉर्नफ्लॉवर शिजवून थापलेली वडी जाळीवर ठेवली की मिनिटभरात खालून ढिली पडते आणि उलटायला गेलं की निम्मी निखाऱ्यात जाते. कॉर्नफ्लॉवर वाढवला तर उभी राहते, पण मग खाताना खडू लागतो. मुळात हवाईतला जुना हौपिया कॉर्नफ्लॉवरचा नव्हताच, पिया नावाच्या कंदाच्या सत्वाचा होता. पिया म्हणजे आपल्या कोकणातला देवकांदा. तो हाताशी आला की हौपिया पुन्हा हातात घेईन, तोवर नाही.

कुलोलो जाळीसाठीच जन्मल्यासारखा आहे. कच्चा कलो, म्हणजे अळवाचा गड्डा, किसायचा, त्यात नारळाचं दूध आणि गोड घालायचं, पानात गुंडाळून तासन् तास इमूत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत ठेवायचं. गार झाल्यावर चिवट, काळपट, सुरीने सरळ कापला जाणारा गोळा मिळतो. काउआई बेटावर, हनालेईच्या खोऱ्याकडे, कलोची पाणथळ शेती आहे आणि कुलोलो तिथलाच म्हणून ओळखला जातो. कलो म्हणजे आपलं अळूच, जात एकच. त्यामुळे आपल्याकडे करायला अडचण यायचं कारण नाही, असं मी पहिल्या खेपेला लिहून बसले होते.

अडचण खाजेची. आठपैकी सहा खेपा खाजल्या.

आठवी सविस्तर सांगते, कारण चूक तिथेच सापडली. एक किलो किसलेला गड्डा, 400 मिली नारळाचं पहिलं दूध, 350 ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ. केळीच्या पानाच्या दोन पदरांत बांधलेली, वीटभर जाडीची पुडी. अर्ध्या पिंपाच्या शेगडीत निखारे दोन्ही कडांना, पुडी मधे, वर झाकण. दोन तासांनी सुरी खुपसली, स्वच्छ निघाली. पुडी उघडली तर बाहेरून सुंदर काळसर, मधे मात्र राखाडी आणि रवाळ. तरी खाल्लं. पाच मिनिटांनी घशात कुसळं उभी राहिली आणि रात्री अकरापर्यंत मी ताक पीत होते.

या वेळी मांसासाठी मिळतो तो सुईचा थर्मामीटर मधोमध खुपसून ठेवला होता. दोन तासांच्या शेवटी आकडा होता 81. सगळी मेख इथे आहे. अळवातलं पिठूळ सत्व पाणी धरून घट्ट व्हायला 75-80 अंश पुरतात. म्हणजे गोळा बांधला जातो, सुरी कोरडी निघते, आणि आपण समजतो झालं. पण खाज त्या सत्वात नसते. कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांचे गठ्ठे गड्ड्यात असतात. सुया उष्णतेने विरघळत नाहीत, त्यांच्या जोडीचं प्रथिन शिजून निकामी व्हावं लागतं. त्याला उकळीच्या जवळपासचं तापमान लागतं आणि ते तासन् तास टिकावं लागतं. केकची परीक्षा मी अळवाला लावत होते.

मग आच का वाढवू नये? सहाव्या खेपेला वाढवली होती. बाहेरचा गूळ जळून कडू झाला, मधे 84. कोरड्या आचेत पान वाळतं, कडेचं पाणी उडतं, तिथे साल धरते आणि ती साल आत उष्णता जाऊ देत नाही. चिंचेचा कोळही घालून झाला (पाचवी खेप). दूध फाटलं आणि वडीला फतफत्याची चव आली. फतफतं मला प्राणापेक्षा प्रिय आहे, पण ते भातावर.

आठव्या खेपेचा उरलेला गोळा खतात टाकताना फार वाईट वाटलं. हवाईच्या मूळ लोकांच्या कथेत कलो हा थोरला भाऊ आणि माणूस त्याच्या पाठचा. त्याला असं अर्धकच्चं फेकून देणं बरोबर नाही, हे मनातून जाईना.

उत्तर आत्याने दिलं. ती माडाच्या सावलीत खुर्ची टाकून माझी धडपड बघत होती. म्हणाली, "अगं, पोपटीत आपण पाण्याचा थेंब घालतो का? भांबुर्ड्याच्या पाल्याला सुटतं तेवढंच पाणी. तुझ्या त्या इमूत पाला कुठाय?"

पाला! इमूचं वर्णन मी दहादा वाचलं होतं आणि नेमकं तेच सोडलं होतं. इमूत तापलेल्या दगडांवर आधी केळीचा चेचलेला खांब पसरतात, त्यावर टी नावाच्या झाडाची पानं, मग अन्न, पुन्हा पानं, ओली गोणपाटं आणि शेवटी माती. केळीचा खांब म्हणजे जवळजवळ सगळं पाणी. तो दगडांवर हळूहळू वाफ सोडत राहतो. मी निखारे घेतले, झाकण घेतलं आणि वाफ विसरले. अलिबागजवळ वाढलेल्या, दर थंडीत पोपटी खाणाऱ्या बाईला हे सुचायला आठ खेपा लागाव्यात!

तर नववी. मागच्या वाडीत नुकताच घड उतरवलेला केळीचा खांब होता. तो हातभर लांबीचा तोडून कोयत्याच्या पाठीने चेचला. पाणी इतकं निघालं की पायाखालची माती चिकचिकली. शेगडीच्या मधल्या जाळीवर जुना पत्र्याचा ट्रे, त्यात चेचलेल्या सोपांचा, म्हणजे खांबाच्या पदरांचा, चार बोटं थर, वर पुड्या, पुड्यांवर पुन्हा सोपं, मग भिजवून पिळलेलं गोणपाट आणि झाकण. पुडीही बदलली: एका विटेऐवजी चार, प्रत्येकी अडीच बोटं जाडीच्या. निखाऱ्याची भर तासातासाने, गोणपाटावर दर वेळी तांब्याभर पाणी.

पहिल्या तासाला आत 72. दुसऱ्याला 93. तिसऱ्या तासापासून 97-98, आणि तिथून काटा हलला नाही. वाफ आहे तोवर पुडी शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे गूळ जळत नाही. मला हवं होतं ते हेच. एकूण साडेपाच तास ठेवलं. उघडल्यावर राखाडी भाग शोधूनही सापडला नाही, सगळीकडे चिंचोक्याच्या रंगाची एकसारखी चकाकी. रंग हवाईच्या फोटोंसारखा जांभळट नाही. तिथे लेहुआ जातीसारख्या गुलाबी-जांभळ्या गड्ड्यांचं पीक असतं, आपला पांढरा. त्यासाठी खाण्याचा रंग घालणार नाही.

रात्रभर गार केला. दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीचे काप, दोन्ही बाजूंना खोबरेल तेलाचा हात, आणि फुललेल्या निखाऱ्यांवर जाळी. दोन-दोन मिनिटं. कडेला गुळाचे बारीक बुडबुडे येतात, मग ते पिकतात आणि थांबतात. थांबले की उलटायचं. जाळीच्या रेघा कुरकुरीत, मधे दाताला धरून ठेवणारी चिवट मऊ वडी, आणि ओल्या नारळाचा वास धुरातून येणारा. माझ्या मते भाजलेला काप गार वडीहून सरस आहे. वर काही नको. तरीही चमचाभर जाड दूध घातलं, तेही छान लागलं.

सामानाबद्दल थोडं. अळकुड्या वापरू नका, त्या बुळबुळीत होतात. अळवाचा जुना, मोठा गड्डा हवा. किसताना हाताला खोबरेल तेल लावाच. मिक्सरमध्ये फेस येतो आणि वडी जाळीदार होते, बारीक किसणीला पर्याय नाही. डब्यातलं नारळाचं दूध दोनदा आणलं, एकदा तर खालचं निम्मं नुसतं पाणी होतं. दोन नारळ खवून पिळायला वीस मिनिटं लागतात, तेवढी द्या. गूळ साधा काळपट घ्या.

कोळसा वेडी बाभळीचा. हा नाइलाज नाही. हवाईत ज्या किआवेच्या कोळशाचं कौतुक करतात, ते झाड आपल्या वेडी बाभळीचं सख्खं भावंड. तिथे पहिलं किआवे 1828 मध्ये होनोलुलूच्या कॅथलिक मिशनच्या आवारात लावलं गेलं, म्हणजे तिथलंही ते परकंच. ठिणग्या कमी, आच लांब टिकणारी. आमच्या बाजारातल्या एका दुकानातून मात्र ओला कोळसा गळ्यात पडला, एक तास नुसता धूर. आता पोतं उघडून, दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघते. खणखणीत वाजला तरच घेते.

दहाव्या खेपेला आधी फक्त गुळाचं प्रमाण 300 वर आणायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, तासातासाला निखारे भरण्यापेक्षा दगडच का नकोत? हवाईचा दगड बेसाल्ट, सह्याद्रीचाही बेसाल्ट. जुन्या जोत्याचे काळे दगड परसात पडलेत. पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो, म्हणून ते आजच उन्हात काढून ठेवते, निदान पंधरा दिवस. नदीतले गोटे अजिबात नकोत. मग गूळ या वेळी 350च राहू दे, एका खेपेत दोन बदल केले तर काय कशामुळे झालं ते कळत नाही.

पानाचं अजून अडलंय. आत्या म्हणते हळदीची पानं लाव. पण हळदीच्या पानात गूळ-खोबरं शिजलं की त्या वासाने ती पातोळीच होते, कुलोलो उरत नाही. टीचं झाड आपल्या नर्सऱ्यांमध्ये कॉर्डिलाइन म्हणून शोभेसाठी मिळतं, पण त्यावर काय फवारलंय कोण जाणे. म्हणून हिरव्या पानांच्या एका झाडाचा वीतभर तुकडा मागून आणला आणि कुंडीत आडवा पुरला. काल त्याला दोन डोळे फुटलेत, लालसर, तांदळाएवढे.