मुल्हेर-साल्हेर एकट्याने: टेंट, टार्प की नुसती गुहा?

डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातले मुल्हेर आणि साल्हेर हे किल्ले एकट्याने केले. वाटा, टाकी, दरवाजे यांवर मराठीत भरपूर लिहिलेलं सापडतं. एकट्या माणसाने रात्रीच्या छपरासाठी काय न्यावं, यावर मात्र "हलका टेंट घ्या" याच्यापुढे सहसा कोणी जात नाही. म्हणून हा वृत्तांत किल्ल्यांपेक्षा टेंटकडे जास्त झुकलेला आहे.

नाशिकहून एसटीने सटाणा, तिथून ताहराबाद, पुढे मुल्हेर. ताहराबादपुढे गाड्या कमी, त्यामुळे जीपची तयारी ठेवा आणि नाशिक सकाळी लवकर सोडा. दुकानात सहज मिळणारा दोघांचा घुमटाकार टेंट अडीच किलोच्या आसपास भरतो. दोघांनी वाटून घेतला तर प्रत्येकी सव्वा किलो, कुणाचीच तक्रार नसते. एकट्याच्या सॅकमध्ये तोच सगळा येतो, वर पाणी, स्टोव्ह, शिधा. म्हणून मी नेला तो ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्यांवर, उभा राहणारा, एकट्याचा, दुपदरी (आत जाळी, बाहेर कापड) टेंट. पेग (जमिनीत रोवायच्या खुंट्या) आणि पिशवी धरून किलोच्या आत. पोल हातात असतातच, टेंटच्या काड्यांचं वजन वाचतं.

मुल्हेरची माची हे असल्या टेंटसाठी लाडाचं ठिकाण आहे. झाडी, माती, वाऱ्याला आडोसा. पेग हाताने दाबला तरी जातो. गणेश मंदिरापुढचं तळं इतकं देखणं आहे की तिथेच पथारी टाकावीशी वाटते. टाकू नका. हिवाळ्यात निरभ्र रात्री टेंटचं कापड आभाळाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होतं आणि त्यावर दव धरतं. आतून तुमचा श्वासही त्याच कापडावर जमतो. पाण्याकाठी आणि खोलगट जागी हे सगळं दुप्पट, कारण गार हवा तिथेच येऊन बसते. तळ्यापासून लांब, जरा उंचावर, शक्यतो झाडाखाली जागा धरा. सोमेश्वर मंदिराच्या आसऱ्यानेही लोक राहतात.

याच कारणासाठी एकपदरी टेंट मी आपल्याकडे सुचवणार नाही. दोनशे-तीनशे ग्रॅम वाचतात खरे, पण पहाटे कूस बदलली की स्लीपिंग बॅग ओल्या कापडाला घासते. दुपदरीत ते पाणी बाहेरच्या पदरावर राहतं आणि मधली जाळी तुम्हाला कोरडं ठेवते. शिवाय जाळी हवीच. त्याचं कारण साल्हेरवर कळतं.

साल्हेरला वाघांबे गावातून चढलो. "एकटेच का?" हा प्रश्न गावात दोन-तीनदा झेलावा लागतो. कंटाळा न करता उत्तर द्या. कुठून चढणार आणि केव्हा उतरणार हेही सांगून ठेवा. साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीतून पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि दरवाजे लागतात. इथे पोल मिटवून सॅकला बांधा, हात मोकळे हवेत. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. कळसूबाई त्याहून जेमतेम ऐंशी मीटरने उंच.

वर गंगासागर तलावाच्या आसपास सपाटी भरपूर, पण मातीचा थर नावाला. पेग तीन बोटं आत गेला की टण्णकन आवाज येतो: खाली बेसॉल्ट. घुमटाकार टेंट इथे निदान उभा तरी राहतो. पोलवाला टेंट पेगशिवाय म्हणजे नुसतं फडकं. उपाय सोपा आहे, पण तो घरून निघतानाच करावा लागतो. चारही कोपऱ्यांना हातभर जादा दोरी बांधून न्या. दोरीचा फास एका लहान दगडाला घाला, तो जमिनीवर ठेवा आणि दोरीवर, लहान दगडाला टेकवून, मोठा धोंडा ठेवा. ताण आला की लहान दगड मोठ्याला अडतो आणि दोघेही हलत नाहीत. एकाच दगडाला दोरी गुंडाळली तर ती धारेवर घासून तुटते. कडक मुरमासाठी सहा इंची खिळे उत्तम, पण एकेक वीसेक ग्रॅमचा. मी दोनच नेतो, बाकी ॲल्युमिनियमचे पेग.

आता जाळीचं कारण: रात्री विंचू-साप आत येऊ नयेत. हे धोंडे उचलताना त्यांच्याखाली विंचू असू शकतो, फुरसंही असू शकतं. थेट बोटं घालायची नाहीत. आधी बुटाने किंवा पोलने दगड पलीकडच्या कडेने उचलून आपल्याकडे कलंडवायचा, म्हणजे खालची फट पलीकडे उघडते, मग वाकून पाहायचं. लाल विंचवाचा दंश जिवावर बेतू शकतो, आणि एकट्याला खाली नेणारं कोणी नसतं. काळोख पडायच्या आत दगड गोळा करून ठेवा. सकाळी तेच दगड जिथले तिथे. मात्र तटबंदीतून ढासळलेल्या घडीव चिऱ्यांना हात लावू नका आणि बांधकामात खिळा ठोकू नका. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत साल्हेर आहे. मुक्कामाबद्दल त्या वेळचा नियम गावात विचारूनच वर जा.

परशुराम मंदिर असलेल्या माथ्यावर टेंट लावायचा मोह अनेकांना होतो, फोटो छान येतो म्हणून. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला म्हणतात. बाण लांब जाण्याइतका वारा तिथे नक्कीच आहे. सूर्यास्त पाहा आणि खाली या.

खाली तलावाजवळ गुहा आहेत, आणि खरं सांगायचं तर कोरड्या दिवसांत तिथे टेंट लागतच नाही. जाळीचा इनर, म्हणजे टेंटचा आतला पदर, एकटा उभा करता येत असेल तर तो, मॅट आणि स्लीपिंग बॅग एवढ्यावर भागतं. पण शनिवार-रविवारी गुहा आधीच भरलेल्या असतात आणि रात्री दोनपर्यंत गाणी चालतात. गुहेच्या भरवशावर रिकामे जाऊ नका.

टार्प, म्हणजे तळ नसलेलं नुसतं छताचं कापड? तीन बाय तीन मीटरचा टार्प पाचशे ग्रॅमच्या आत मिळतो, स्वयंपाकालाही जागा होते. पण खाली जाळी नाही. ती वेगळी घेतली की वजन पुन्हा टेंटच्या जवळ जातं. नव्या माणसाने एकट्याने टार्पच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

विकत घेताना कापड विचारा. सिलिकॉन लावलेलं नायलॉन ओलं झालं की सैलावतं. रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर फारसं ताणत नाही. डायनीमा नावाचं कापड सर्वांत हलकं, पण त्या पैशात बाकीचं सगळं सामान येईल. आणि दुकानात लाज न बाळगता आत झोपून पाहा, खाली मॅट टाकून. लांबी २२० सेंमी लिहिलेली असली तरी टोकाकडे छत उतरतं. पावणेसहा फुटी माणसाचं नाक किंवा पाय कापडाला टेकतातच.

टेंटखाली अंथरायच्या तुकड्यासाठी, म्हणजे ग्राउंडशीटसाठी, नाशिककराने पैसे घालवू नयेत. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर चार फूट रुंदीचा येतो. २५ मायक्रॉनचा सात फूट तुकडा साधारण साठ ग्रॅम भरतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडे उरलेला नवा तुकडा सहज मिळतो. काट्याने फाटतो, पण फाटला तर चिकटपट्टी लावा. फाटका झाला म्हणून गडावर टाकून येऊ नका.

पावसाळ्यात हे काहीही एकट्याने वर नेऊ नका, गावातच राहा. आणि परतल्यावर टेंट त्याच दिवशी गच्चीत वाळवा. दवाने ओला राहिलेला टेंट पिशवीत आठवडाभर पडला तर बुरशी धरते, आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो.