मुहूर्त, घाम आणि मामाची अष्टपुत्री

आमच्याकडे लग्न म्हणजे मे महिना, हे आईच्या डोक्यात पक्कं होतं. चाकरमानी सुट्टीला आलेले, पोरांच्या शाळा बंद, पंगतीत आमरस. माझंही तसंच ठरत आलं होतं. पण २०२५ च्या मे अखेरीस दापोलीकडे मावसबहिणीचं लग्न झालं आणि बेत फिरला. पावसाला अजून अवकाश आहे म्हणून अंगणातच मांडव घातलेला. नेमका त्याच आठवड्यात समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी-दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आला. २६ मे रोजी तर मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा. एरवी त्याची तारीख ११ जून. मांडवाच्या कापडाला पाण्याची पोटं सुटली होती आणि दोन काका बांबूने ती खालून ढकलत होते. एक पोट वरमाईच्या पैठणीवर रिकामं झालं.

परतताना आई गाडीत एवढंच म्हणाली, "आपल्याला मे नको गं."

मग गुरुजींकडे पंचांग उघडलं. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, म्हणजे तुळशीचं लग्न लागेपर्यंत प्रश्नच नाही. डिसेंबरच्या मध्यापासून शुक्राचा अस्त, तो थेट फेब्रुवारी लागेपर्यंत, त्यातच पौष. "एक तर डिसेंबरचा पहिला आठवडा धरा, नाहीतर फेब्रुवारी," गुरुजी म्हणाले. फेब्रुवारीत नवऱ्याला सुट्टी मिळेना, त्यामुळे डिसेंबर. हॉल मिळाला, हेच नशीब.

डिसेंबर म्हटल्यावर पुण्यातल्या मैत्रिणी वेल्वेटच्या ब्लाउजचे फोटो पाठवू लागल्या. त्यांना रत्नागिरीचा डिसेंबर काय माहीत! इथली थंडी रात्रीची आणि पहाटेची. दिवसा डोंगराकडून कोरडा वारा सुटला की पारा ३४-३५ ला जातो. हिवाळ्यात देशात सगळ्यात जास्त कमाल तापमान रत्नागिरीत, अशी बातमी आम्ही अधूनमधून वाचतो आणि रुमालाने मान पुसतो.

पैठणी येवल्याहून आणली होती, मोराच्या पदराची. दुकानात एसी होता, तिथे सगळंच छान वाटतं. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली तर साडेआठशे ग्रॅम! मग मी एक प्रयोग केला. ऑक्टोबरच्या उकाड्यात, दुपारी बारा वाजता, पंखा बंद करून ती नेसले आणि गॅससमोर पाटावर बसले. आईला वाटलं, पोरगी लग्नाआधीच बिघडली. पण होमाच्या वेळी पंखे बंदच करावे लागतात, नाहीतर ज्वाळा आणि धूर सगळीकडे पसरतात. वीस मिनिटांत ब्लाउज पाठीला चिकटला. उलटून पाहिलं तर शिंपीणबाईंनी अस्तर सॅटिनचं लावलेलं. ते उसवून मलमलचं लावून घेतलं, काखेत आतून घामाच्या पट्ट्या शिवून घेतल्या. बाईंचं तोंड जरा वाकडं झालं, कारण मलमलवर फिटिंग तितकं चोख बसत नाही. नाही बसलं.

तरी होमाचा प्रश्न उरलाच. तो मामाने सोडवला, तोही नकळत. आमच्याकडे विधींना मामाची अष्टपुत्री नेसतात, पिवळी, लाल काठांची. हल्ली ती सिल्कची घेतात आणि मामीही तशीच बघत होती. मामा म्हणाला, "हिच्या आईची साधी सुतीच होती, हिलाही तीच." मामी दोन दिवस त्याच्याशी बोलत नव्हती, असं नंतर कळलं. मी मात्र मुहूर्तापासून सप्तपदीपर्यंत तीच ठेवली आणि पैठणी फक्त जेवणाच्या पंगतीपुरती, फोटोसाठी म्हणा. खरं तर पैठणीला पंगतीत जपणं हेही एक कामच. आमटीच्या वाटीकडे बघत बघतच जेवले.

नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. सीमांतपूजनाला जाड अस्तराचा बंदगळा घालून आला, तोही सकाळी दहाला. अक्षता पडेपर्यंत मुंडावळ्यांखालून घामाची धार नाकावर आली होती. होमाला सोवळं नि उपरणं नेसून बसला तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. लाजाहोमाच्या वेळी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुझ्या मामाला विचार ना, माझ्यासाठी काही सुती आहे का?"