एवढं होऊनही तो पितोच कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "डोक्याचं एवढं मोठं ऑपरेशन झालं, मरता मरता वाचला, तरी तुझा भाऊ पितोच कसा? आणि तुम्ही पिऊ कसे देता?"

अपघाताआधीही तो प्यायचा, हे मी लपवत नाही. पण 'थांब' म्हणणारा कपाळामागचा मेंदूचा भागच आता दुखावलाय. तो भाग तसाही साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, याला त्याआधीच मार बसला. पूर्वी जेवढी सहज पचायची, त्याच्या निम्म्यात आता तोल जातो. फिटच्या गोळ्या चालू आहेत, दारूने फिटचा धोका वाढतो. हे सगळं त्याला माहीत आहे. विचारलंत तर पाठ म्हणूनही दाखवेल.

पहिले काही महिने त्याने थेंबाला हात लावला नाही. मग मित्र नोकऱ्यांना लागले, हा मागे राहिला. उरले ते पिणारे. त्यांच्यात बसला की तो कुणाला वेगळा वाटत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून पाहिलंत का, म्हणता. ठेवलं होतं. घरच्यांना बोलावतात त्या दिवशी मी गटात बसले होते. प्यावंसं कधी वाटलं आणि काय केलं, ते प्रत्येकाने सांगायचं होतं. एक काका म्हणाले, पगाराच्या संध्याकाळी पाय बारकडे वळले, तेवढ्यात मुलीचा फोन आला, मागे फिरलो. पुढची पाळी याची. हा उभा राहिला आणि तेच सांगू लागला. पगार, बार, मुलीचा फोन. याला ना पगार, ना मुलगी. कुणीतरी हसलं. समुपदेशक म्हणाले, "इथे खोटं चालणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता हो! आठवणीत जागा रिकामी राहिली की असा मेंदू सापडेल ते तिथे बसवतो, आणि त्या माणसाला ते खरंच घडल्यासारखं वाटतं. मी फाइल पुढे केली, तर म्हणाले, "आजाराची ढाल करू नका." त्याची गृहपाठाची वही कोरी होती, तेही त्यांनी दाखवलं. थोड्याच दिवसांत 'बदलाची तयारी नाही' असा शेरा मारून घरी पाठवलं. गटातून बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं होतं, "ताई, ते का हसले?"

मनात आणलं तर सुटेल, असं एकेकाळी मीच म्हणायचे. आता तसं म्हणवत नाही. पण सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवणाऱ्या त्याला लपवलेली बाटली मात्र बरोबर सापडते, तेव्हा ती जुनी मी पुन्हा भांडायला उठते. तिला द्यायला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

आम्ही अडवतो. पैसे आईकडे असतात. मित्रांनी बोलावलं तर आधी ताईला फोन, असं दारामागे लिहून लावलंय. कधी फोन येतो, कधी येत नाही.

पुढच्या वेळी मला विचारू नका, त्याला विचारा. एका वेळी एकच प्रश्न, टीव्ही बंद करून. आणि तो थांबला तर मध्ये बोलू नका.