बोल्ट सुटा करून चेंबरचे माप
उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, नीट बसावी म्हणून हे माप घ्यायचे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून मी प्रथम बोल्टमधील (चेंबर मागून बंद करणारा, हँडल असलेला सरकता दांडा) फायरिंग पिन, तिची स्प्रिंग आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून ठेवतो, कारण त्यांचा दाब असेपर्यंत हँडलला होणारा अडथळा पुंगळीचा आहे की स्प्रिंगचा, हे बोटांना कळत नाही. त्याच चेंबरमध्ये उडवलेली, प्रायमर (बुडातील ठिणगी देणारी टोपी) काढलेली पुंगळी साइझिंग डायमध्ये (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) थोडी थोडी दाबत गेल्यावर हँडल ज्या मापाला आपल्याच वजनाने खाली पडते, तेच माझे मूळ माप. .३०८ विंचेस्टर या काडतुसात ते पुंगळीच्या बुडापासून खांद्यावरील (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो उतार) १०.१६ मिमी व्यासाच्या वर्तुळापर्यंत कंपॅरेटरने (कॅलिपरला लावायचा मापन-जोड) घेतात. या मूळ मापापासून खांदा ०.०२५ ते ०.०५ मिमी मागे सरकवणे पुरेसे असते. फार दाबल्यास पितळ प्रत्येक बारात ताणले जाऊन बुडाजवळ पातळ होते आणि अखेरीस तिथेच तुटते.