रकाना नसलेलं दुखणं

ठाण्या-मुंबईकडे नर्सिंग शिकलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही ‘बॅक केअर’ म्हटलं की एक वास आठवेल. स्पिरिटचा, आणि त्यावर भुरभुरलेल्या टाल्कम पावडरचा. सकाळचं स्पंजिंग झालं की पेशंटला कुशीवर वळवायचं, तळहातावर स्पिरिट घ्यायचं आणि माकडहाडापासून खांद्यापर्यंत गोल गोल चोळत जायचं. ट्यूटर मॅडम मागे उभ्या असायच्या. हाड जिथे वर येतं तिथे जरा जोर लाव, म्हणायच्या. मी अगदी मनापासून चोळायचे. बेडसोअर, म्हणजे पडून पडून अंगाला होणारी जखम, होऊ नये म्हणूनच तर होतं हे सगळं.

इंग्लंडमधल्या लीड्सला आल्यावर पहिल्याच महिन्यात एका आजोबांच्या पाठीकडे माझा हात तसाच गेला. माझा वॉर्ड हाडांचा आहे. बहुतेक पेशंट ऐंशीच्या पुढचे, खुब्याचं हाड मोडून आलेले. सिनियर नर्सने माझं मनगट अलगद धरलं आणि म्हणाली, “चोळू नकोस. कातडीखाली काय फाटतंय ते तुला वरून दिसणार नाही.” मला त्या क्षणी रागच आला. पाच वर्षं मी ज्यांच्या पाठी चोळल्या, त्यांना त्याने बरं वाटायचं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या 2014 सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते स्पष्ट लिहिलंय: बेडसोअर टाळण्यासाठी कातडी चोळू नका, मालिश करू नका. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही. आधीच उपाशी असलेल्या त्या जागेवर आपण जोर लावून घासतो. उपाय एकच, तिथला दाब काढायचा.

आणि हे शोधण्याची सुरुवात एका नर्सने केली होती, हे मला तेव्हा कळलं. डोरीन नॉर्टन. ही बाई इंग्लंडमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काम करायची. तिथेही तेव्हा कुणी साबण-पाण्याने चोळत होतं, कुणी स्पिरिटने, आणि प्रत्येक सिस्टरला आपलंच बरोबर वाटत होतं. नॉर्टनने दोन सहकाऱ्यांच्या सोबतीने पेशंटची नीट पाहणी केली आणि 1962 साली ती छापली. लावण्या-चोळण्यापेक्षा पेशंटला वेळेवर कूस बदलून देणं कामाला येतं, हे त्यातून पुढे आलं. त्याच कामातून तिने धोका मोजायची एक साधी पट्टी केली. प्रकृती, मनाची शुद्ध, हिंडणं-फिरणं, अंथरुणात हलता येणं आणि लघवी-शौचावर ताबा, या पाच गोष्टींना प्रत्येकी 1 ते 4 गुण. बेरीज 14 किंवा त्याखाली आली की या माणसाला जपा. आज जगभर अशा कितीतरी पट्ट्या वापरतात. त्यांतली ही पहिली.

नॉर्टनची गोष्ट मी इतकी लांबवली, कारण गेल्या वर्षी ठाण्यात जे झालं ते सांगताना मला तीच पुन्हा पुन्हा आठवते.

आई नौपाड्याच्या घरी बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ताईने जवळच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि मी पोचले तेव्हा ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. ऑपरेशन उत्तम झालं होतं. सर्जन भले होते, वॉर्डातल्या मावशी आईला लेकीसारखं बघत होत्या. मी आत गेले तेव्हा आईने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “टाच ठणकते गं. मी सांगते तर म्हणतात, ऑपरेशन वर झालंय, खाली कशाला दुखेल?”

मी चादर वर केली. टाचेवर जांभळट काळा डाग, दोन रुपयांच्या नाण्याएवढा. गादीवर रुतलेली टाच, आणि चहा प्यायला पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केलेली, त्यामुळे आई सगळी खाली सरकलेली. असं सरकताना कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि हाड पुढे जातं. नुसत्या दाबापेक्षा ही ओढ वाईट. मी आईच्या पोटरीखाली लांब उशी घातली, टाच अधांतरी राहील अशी. मग तिच्या पायाशी बसून राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं. माझ्या आवाजात धार होती, आता त्याचं वाईट वाटतं. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, कळव्याहून येणारी, त्या रात्री तिच्याकडे चौदा पेशंट होते. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “ताई, मला आदल्या रात्रीच हाताला लागलं होतं. टाच गरम होती, कडक पण होती. पण लाल काहीच दिसत नव्हतं. मग आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) सरांना सांगू तरी काय? चार्टवर कुठे लिहू?”

तिचं हे बोलणं माझ्या मनातून जात नाही, कारण ती बरोबर होती, शंभर टक्के. आम्हाला शिकवलेलं असतं की बेडसोअरची पहिली खूण म्हणजे लाली. बोटाने दाबा, पांढरं पडलं तर ठीक, लालच राहिलं तर धोका. पुस्तकातली ती चित्रं सगळी गोऱ्या कातडीची. माझ्या आईच्या सावळ्या टाचेवर लाली कशी दिसणार? सावळ्या कातडीवर आधी जाणवतो तो तिथला वेगळा गरमपणा, कडकपणा, कधी उलट गिळगिळीतपणा, आणि दुखणं. ज्या जागी पेशंटला दुखतं तिथे पुढे जखम होण्याची शक्यता जास्त असते, हे आमच्या लीड्सच्याच संशोधकांनी दाखवून दिलंय. त्यांनी तयार केलेल्या ‘पर्पज टी’ नावाच्या फॉर्मवर शरीराच्या प्रत्येक जागेपुढे दुखण्यासाठी रकाना आहे. पेशंट म्हणतात ‘दुखतंय’ आणि कुणी लिहून घेत नाही, असं ध्यानात आलं, म्हणून त्यांनी त्याचा अभ्यास केला आणि म्हणून तो रकाना आला.

आई दोन दिवस सांगत होती. सिस्टरच्या हाताला कळलं होतं. ठाण्यातल्या त्या खोलीत सगळं ज्ञान हजर होतं, ते लिहायला जागा नव्हती.

यावर ठाण्यातल्या माझ्या काही मैत्रिणी म्हणतात, तिकडे माणसं भरपूर, पैसा भरपूर, म्हणून हे चोचले परवडतात. माणसांचा मुद्दा खरा आहे आणि तो कुणी हलका घेऊ नये. 2014 साली लिंडा एकन या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या 9 देशांतली 300 हॉस्पिटलं आणि 4 लाखांहून जास्त ऑपरेशनचे पेशंट यांचा हिशोब मांडला. नर्सच्या वाट्याला सरासरी एकेक पेशंट वाढला की पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि पदवी घेतलेल्या नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल तर ती शक्यता 7 टक्क्यांनी कमी. चौदा पेशंट एकटीने सांभाळणाऱ्या मुलीला मी आवाज चढवून विचारत होते, तेव्हा हे आकडे मला पाठ होते.

पण नॉर्टनने सुरुवात केली तेव्हा तिच्या वॉर्डात तरी कुठला थाट होता? म्हातारी माणसं कोपऱ्यातल्या वॉर्डात टाकून दिलेली, कुणाला त्यांच्यात रस नव्हता. तिने बघितलं, मोजलं, लिहिलं.

आणि बघणं-जपणं यात आपल्या सिस्टर कुणालाही हार जाणाऱ्या नाहीत. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग नर्स होत्या. 1973 साली त्यांच्यावर हल्ला झाला, 18 मे 2015 ला त्या गेल्या. मधली सगळी वर्षं त्यांना अंथरुणावर सांभाळलं ते त्यांच्याच हॉस्पिटलच्या नर्सनी. 2011 मध्ये त्यांच्या इच्छामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा 37 वर्षं झाली होती, आणि त्यांना एकही बेडसोअर झालेला नव्हता. न्यायमूर्तींनी निकालपत्रात या परिचारिकांचं तोंड भरून कौतुक केलं. हाडांच्या वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला विचारा, 37 वर्षं म्हणजे काय. इथे आम्ही भारीतल्या हवेच्या गाद्या लावून सहा आठवडे पाठ शाबूत ठेवली की समाधान मानतो.

आमच्या वर्गात अरुणाताईंचं नाव निघालं ते हल्ल्याच्या आणि इच्छामरणाच्या संदर्भात. त्यांची कूस कोणत्या वेळी बदलत होते, अंगाखाली काय घालत होते, घामाच्या दिवसांत काय करत होते, नव्या मुलींना जुन्या सिस्टर काय सांगून जात, हे मला चार वर्षांत कुणी शिकवलं नाही. मला वाटतं तो आमच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा असायला हवा होता.

बी.एस्सी.ला आम्हाला ‘नर्सिंग रिसर्च’ हा विषय होता. गटाने प्रोजेक्ट करायचा. आमचा विषय मॅडमनी दिला, अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता. आधी प्रश्नावली, मग चार्ट दाखवून माहिती, मग तीच प्रश्नावली, आणि गुण वाढले की झालं. काळ्या बाइंडिंगमध्ये तो अजून कॉलेजच्या कपाटात असेल. आकडेमोड मी तिथेच शिकले, ते उपकार मी मानते. पण त्या सबंध वर्षात, वॉर्डात तुम्हाला काय खटकतं, असं आम्हाला कुणी विचारलं नाही. इथे दर तीन वर्षांनी नोंदणी टिकवायची तर 450 तास काम, 35 तास शिक्षण आणि कामातल्या अनुभवांवर स्वतः लिहिलेली पाच टिपणं दाखवावी लागतात. मी पहिलं टिपण स्पिरिट-पावडरवर लिहिलं. लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात हलकं वाटलं.

इथल्या सगळ्याच गोष्टी ठाण्याला लागू पडतात असं मात्र मुळीच नाही. कूस दर दोन तासांनी बदला, हे आपण सगळे घोकून पाठ करतो. अमेरिका-कॅनडातल्या वृद्धाश्रमांत दोन, तीन आणि चार तासांची तुलना केली तेव्हा फारसा फरक पडला नाही, हे 2013 साली छापून आलं. पण ते पेशंट चांगल्या फोमच्या गाद्यांवर होते. आपल्याकडच्या रेक्झिनच्या, मधे खड्डा पडलेल्या गादीवर चार तासांचा नियम जसाच्या तसा नेऊन ठेवणं मला धोक्याचं वाटतं. आपल्या गादीचं उत्तर आपल्यालाच काढावं लागेल.

आईची टाच भरायला दोन महिने लागले. आता ती काठी घेऊन तलावपाळीपर्यंत जाऊन येते.

त्या सिस्टरचा आणि माझा संपर्क राहिला. मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी तिने एक फोटो पाठवला. ताप-नाडी-श्वास लिहायच्या टीपीआर चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रेघा मारलेल्या होत्या: टाच, माकडहाड, खुबा, आणि पुढे तीन रकाने, गरम, कडक, दुखते. निळ्या पेनाने बरोबरच्या खुणा. खाली तिने लिहिलं होतं, “इन्चार्ज सिस्टरना दाखवलं. चालू ठेव म्हणाल्या.”

मग एप्रिलमध्ये तिचा प्रश्न आला. “ताई, आपण सगळ्यांच्या अंगाखाली मॅकिनटॉश (रबराची चादर) घालतो, गादी खराब होऊ नये म्हणून. उन्हाळ्यात पेशंटची पाठ त्यावर नुसती भिजते. मला वाटतं पाठ त्यानेच खराब होते. नुसती दुहेरी ड्रॉ शीट (आडवी सुती चादर) घातली तर? तुमच्याकडे यावर काय आहे?”

आमच्याकडे वॉर्डात मॅकिनटॉश नाही. ठाण्याचा मे महिनाही नाही. ओली कातडी लवकर सोलवटते, एवढं मी तिला खात्रीने सांगू शकले. बाकी प्रश्न तिचा, तिच्या वॉर्डाचा. मी लिहिलं, आधी काही बदलू नका. महिनाभर रोज रात्री दोन वाजता फक्त लिहा, किती जण मॅकिनटॉशवर आहेत आणि त्यांतल्या कितींची पाठ ओली लागते. नावं नकोत, नुसते आकडे. आणि इन्चार्ज सिस्टरना विचारून मगच.

दुसऱ्या दिवशी इथे उजाडायच्या आत मेसेज येऊन पडला होता. ठाण्यात सकाळचा हँडओव्हर झाला असेल.

“अकरा मॅकिनटॉशवर. आठ ओले. पंखा तीनच बेडना पोचतो, तेही लिहू का?”