टेक

‘नाशिक नव टेकांवर वसविले’ हे वचन मी ३० वर्षं चौथीच्या पोरांकडून घोकून घेतलं. जुनी गढी, नवी गढी, पठाणपुरा, जोगवाडा, डिंगर आळी, सोनार आळी, चित्रघंटा... मी फळ्यावर नावं लिहायची, पोरं तालात म्हणायची, आणि शाळा सुटली की वह्यांचा गठ्ठा काखेत मारून मी त्यातल्याच एका टेकावरून दुसऱ्यावर चालत घरी यायची. चढ नेमका कुठे लागतो, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वाडे, बोळ, दुकानं, देवळं यांच्या खाली टेकाडं आहेत हे मला पाठ होतं, पायांना ठाऊक नव्हतं.

आज माझे डोळे बांधून मला जुन्या नाशकात कुठेही सोडा. दहा पावलांत सांगेन, रस्ता वर निघालाय की खाली. रिक्षावाल्याच्या लेखी जो सपाट रस्ता, त्यातला चढसुद्धा मला कळतो. हा भूगोल फुप्फुसांनी शिकवला, तोही निवृत्तीनंतर.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, ‘सिगारेट?’ ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं मी संध्याकाळी गच्चीवर का जात होते याचा आत्ता उलगडा होतोय. दुसरा प्रश्न आला, ‘चूल?’ तिथे मी सापडले. माझं माहेर पेठ तालुक्यातलं. तिकडे पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही. लाकडं ओली, स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नाही, आणि चुलीपुढे फुंकणी घेऊन बसायचं काम थोरल्या लेकीचं. डोळे चोळायचे, खोकायचं, पुन्हा फुंकायचं. बिडीला कधी हात न लावलेल्या कितीतरी बायकांची फुप्फुसं अशी चुलीपुढेच झिजतात, हे मला ६१व्या वर्षी कळलं.

मग एका यंत्रात फुंकायला लावलं, एकदा तसंच आणि एकदा औषध ओढल्यावर. पूर्ण जोर लावून सोडलेल्या श्वासातली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते, ते त्यात मोजतात. दम्यात औषधानं नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या होतात. माझ्या झाल्या नाहीत. ‘सीओपीडी,’ डॉक्टर म्हणाले. ‘दम्याचा चुलतभाऊ समजा, मॅडम. दमा येतो-जातो, हा मुक्कामाला येतो.’ श्वासातून औषध ओढायचा पंप लिहून दिला. शेजारच्या वहिनी लगेच म्हणाल्या, ‘पंपाची सवय लागते हो.’ लागू दे की. मला चहाचीही आहे.

दम लागतो म्हणजे हवा आत येत नाही, असं मला वाटायचं. म्हणून चढावर मी घाईघाईनं श्वास ओढत सुटायची. खरी अडचण उलटी निघाली. आमची हवा बाहेर पडत नाही. बारीक नळ्या सैल झालेल्या असतात, श्वास सोडताना त्या मिटतात आणि जुनी हवा आतच कोंडून राहते. आमच्या सीबीएस बसस्टँडवर एसटी लागली की काय होतं, आठवा. उतरणारे दारात, चढणारेही दारात, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतोय. आतले उतरल्याशिवाय बाहेरचा एकही चढायचा नाही, पण सांगणार कोण आणि ऐकणार कोण? मी श्वास ओढत होते म्हणजे नुसते रुमाल टाकत होते.

आजार कळल्यावर पहिले सहा महिने मी एक शहाणपणा केला. घरात बसले. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजी ह्यांनी आणायची, दळण पोऱ्यानं आणायचं, मी खिडकीतून रस्ता बघायचा. दम लागणारं काम केलंच नाही तर दम लागणार नाही, हा माझा हिशोब. झालं भलतंच. पायातला जोर गेला, आणि पाय कमजोर झाले की तेवढ्याच चालण्याला जास्त हवा लागते. आधी जिना दमवायचा, मग ओटा ते न्हाणीघर दमवू लागलं. तेव्हा डॉक्टरांनी रागावून फिजिओथेरपीला धाडलं, आठवड्यातून दोनदा, ८ आठवडे.

तिथे पहिल्या दिवशी ३० मीटरच्या लांब व्हरांड्यात ६ मिनिटं ये-जा करायला लावलं. वाटेत थांबलं तर चालतं, घड्याळ मात्र थांबत नाही. मी चारदा थांबले. मग तिथली फिजिओ, नातीच्या वयाची पोरगी, म्हणाली, ‘काकू, शिट्टी मारताना करतो ना, तसे ओठ करा.’ आता मी उभ्या जन्मात शिट्टी मारलेली नाही. म्हटलं, ‘फुंकणी धरताना करतात तसे?’ तिला फुंकणी ठाऊक नव्हती. मी हाताची मूठ करून दाखवलं. ‘हेच! अगदी हेच!’ पोरगी टाळ्या वाजवायची तेवढी राहिली.

नाकानं दोन मोजत आत, फुंकणीच्या ओठांनी चार मोजत बाहेर. ओठ आवळले की आत थोडा दाब राहतो, नळ्या लगेच मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा निघायला वाट मिळते. शिवाय जोर लावायची वेळ आणि श्वास सोडायची वेळ एक करायची. पायरीवर पाय टाकताना फूऽऽ, बादली उचलताना फूऽऽ. ज्या फुंकणीनं हे दुखणं लावलं तीच आता कामाला येते, याला काय म्हणावं? मी काही म्हणत नाही, बोलण्यात श्वास जातो.

दुसरी गोष्ट तिनं शिकवली ती हात टेकायची. मराठीत हात टेकले म्हणजे माणूस हरला. ह्यांना मोबाईल शिकवताना आमच्या मुलानं हात टेकले, तसं. इथे मात्र दम लागला की किंचित पुढे वाकायचं आणि हात खरोखर कशावर तरी टेकायचे, गुडघ्यांवर, कठड्यावर, टेबलावर, भिंतीवर. खांद्यांचा भार हातांनी घेतला की मानेचे, छातीचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मी चकितच झाले. ताठ उभं राहून, कंबरेवर हात ठेवून, जगाला दाखवत दम खायची माझी रीत होती. वाकल्यावर तो निम्म्या वेळात खाऊन झाला. (दम ही एकच वस्तू डॉक्टरांनी मला हवी तेवढी खायला परवानगी दिली आहे. बाकी पोटभर जेवणसुद्धा नाही. पोट तट्ट भरलं की फुप्फुसांखालच्या पडद्याला खाली सरकायला जागा उरत नाही. पुरणपोळी एका वेळी एकच, दुसरी दोन तासांनी. उपाशी राहा म्हणालेले नाहीत, एवढं बरं.)

तर आता मी पुन्हा बुधवारी गंगेवरच्या बाजाराला जाते. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. जाताना उतार, हात हलवत. येताना चढ, आणि हातात मेथी. नाशिक नव टेकांवर वसलं, तशी माझी बुधवारची वाट सहा टेकांवर वसली आहे. हे टेक टेकायचे. पहिला, घाट संपतो तिथला दगडी कठडा. दुसरा एका देवळाचा पार. तिथे बसायलाच मिळतं, आणि हात जोडल्यासारखे गुडघ्यावर ठेवले की लोकांना भक्ती वाटते. तिसरा टेक फार महागात पडला. तो भांड्यांच्या दुकानापुढचा लोखंडी बार. मी त्याला टेकून फूऽऽ करायची आणि दुकानदाराला वाटायचं, बाई तांब्याचं भांडं बघतेय. ‘या ताई, आत या, भाव तर विचारा.’ तीन बुधवार मी नुसतं डोकं हलवलं, कारण बोलायला श्वास नव्हता. चौथ्या बुधवारी लाजेनं एक फुलपात्र घेतलं. आता घरात तीन आहेत. मग एकदा त्याला खरं सांगून टाकलं, तर म्हणाला, ‘अहो ताई, आधी नाही का सांगायचं? आमचे वडीलही असेच उभे राहायचे.’ आता बारशेजारी स्टूल असतं.

आधी मी टेकायला लाजायची. मोबाईल काढून बघायची, चप्पलचा पट्टा नीट करायची. हा शेवटचा उपाय तर सगळ्यात वाईट, कारण खाली वाकलं की पोट वर ढकललं जातं आणि होता तोही श्वास जातो. रांगोळी म्हणूनच मी आता पाटावर बसून काढते, तीही श्वास सोडत एकेक रेघ. रेघा लांब येतात.

बाहेरच्या चढांचं लोकांना दिसतं तरी. घरातले चढ कुणाला दिसत नाहीत. वेणी घालणं हा चढ आहे. हात डोक्यावर गेले की श्वासाचे मदतनीस वेणीत अडकतात. आता आरशापुढे टेबलावर कोपरं टेकवून सैल अंबाडा घालते. दांडीवर साडी वाळत घालणं हा तर ब्रह्मगिरी. ते काम ह्यांच्याकडे गेलं. ते निऱ्या न झटकता घालतात आणि मी बघत नाही. अंघोळ स्टुलावर बसून, दार थोडं किलकिलं, वाफ कोंडू न देता. नंतर अंग खसाखसा पुसायचं नाही, मोठा पंचा गुंडाळून पाच मिनिटं बसायचं, तो आपला आपण पाणी टिपतो. आरतीत मी ‘सुखकर्ता’ला सुरुवात करते आणि ‘वार्ता विघ्नाची’ बाकीच्यांवर सोपवते. फोडणीच्या वेळी मिरची पडली की मी स्वयंपाकघराबाहेर. हातात विंझणा असतोच. चेहऱ्यावर वारा आला की धाप कमी झाल्यासारखी वाटते. ह्याचे प्रयोगही झालेत म्हणे, छोट्या पंख्यांवर. माझ्या आजीनं प्रयोगाशिवायच विंझणा ठेवला होता.

डॉक्टरांकडे दम मोजायची एक पट्टी आहे, ० ते ४. धावपळ केली तरच दम लागतो तो शून्य, कपडे बदलतानाही लागतो तो चार. ह्यांना ते आकडे काही लक्षात राहिना. त्यांचा भरवसा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर. मी कठड्याला धरून फुसफुसत असायची आणि हे मीटर दाखवायचे, ‘अगं ९४ आहे, काही झालेलं नाही.’ दम लागणं आणि रक्तातला ऑक्सिजन उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असताना दुसरी नसू शकते, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगावं लागलं. शेवटी आम्ही आपली नाशकाची पट्टी काढली. गंगेला पूर आला की किती क्यूसेक पाणी, हे इथे कुणी विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते विचारतात. तसं हे आता सकाळी विचारतात, ‘आज कुठवर?’ ‘घोट्याला’ म्हटलं की बाजार. ‘गुडघ्याला’ म्हटलं की बाजार, पण पिशवी हे धरणार. ‘कमरेला’ म्हणजे खिडकी आणि विंझणा. ‘छातीला’ मी एकदाच म्हणाले, गेल्या थंडीत. कफाचा रंग बदललेला, वाक्य पुरं होत नव्हतं, फुंकणी-बिंकणी सगळं करून पाणी उतरेना. त्या दिवशी ह्यांनी मीटर शोधलं नाही, सरळ रिक्षा आणली.

मागच्या महिन्यात माझा चौथा टेक गेला. वाड्याचा ओटा होता, पायरीवजा, बरोबर माझ्या उंचीचा. वाडा पाडायला काढला, हिरवी जाळी लागली, पत्रे लागले. भांड्याच्या दुकानापासून औषधाच्या दुकानापर्यंत आता सलग ८० पावलं, आणि त्या चढावर माझ्याकडे श्वास पन्नासेक पावलांचा. अध्येमध्ये भिंतसुद्धा नाही. एक स्कूटर तेवढी उभी होती. मी मेथीची पिशवी खाली ठेवली आणि तिच्या सीटवर दोन्ही हात टेकले. स्कूटर डुगडुगली, मी डुगडुगले, पण जमलं.

तेवढ्यात किल्ली फिरवत एक पोरगा आला. ‘आजी, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू? कुणाला फोन करू?’ दम लागलेल्या माणसाला प्रश्न विचारायची लोकांना फार हौस, आणि तेही एकदम तीन. मी एक बोट वर केलं. तो थांबला. मी मोजत राहिले. दोन आत, चार बाहेर. तोही बिचारा माझ्याकडे बघत कधी ओठ आवळायला लागला, त्याचं त्यालाच कळलं नसावं.

बारा श्वासांनी बोलता आलं. ‘गाडी तुझी?’

‘हो.’

‘रोज इथेच लावतोस?’

‘हो. का? नको लावू का?’

‘लाव की,’ मी म्हटलं. ‘बुधवारी अकराच्या सुमाराला तर लावच.’

त्याला काय समजलं देव जाणे. मान डोलावून गेला.

पुढच्या बुधवारी गाडी तिथेच होती. डबल स्टँडवर.